ओंजळभर कोंड्याचा मुलगा

परवा नातीच्या मुलाचं नाव ठेवायचं होतं. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. कुणी सूर्याची नावं काढली, कुणी समुद्राची, कुणी कुठल्याशा ऋषीचं नाव शोधून आणलं. ते उच्चारताना माझी कवळी निसटायची. मी आपला कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प होतो. नातीच्या मनात काय आलं कोण जाणे, ती एकदम म्हणाली, "आजोबा, तुमच्या नावाचा अर्थ काय हो? मी कधी विचारलंच नाही." मी म्हटलं, "कोंडा. भात कांडलं की निघतो तो." सगळे हसले. म्हातारा थट्टेवर आलाय असं त्यांना वाटलं. नातजावई शिकलेला, समंजस माणूस. तो म्हणाला, "नाही गं, कोंडाजी म्हणजे जांभवलीच्या कोंडेश्वरावरून असणार." आणखी कुणी म्हणालं की जुन्या काळी मावळात कोंडाजी नावाचे लढवय्ये होऊन गेले, त्यांच्यावरून ठेवलं असेल. मी मान डोलावली. हे दोन्ही खुलासे मी आयुष्यभर खपवून घेतले आहेत. तळेगावात मास्तरकी केली. मास्तरच्या नावामागं देव नाहीतर लढाई असली की मुलं जरा सरळ बसतात. पण आता सरळ बसवायला माझ्यापुढं कुणी उरलेलं नाही, आणि खरं काय ते न सांगता मी गेलो तर दोन बायकांवर अन्याय होईल. म्हणून बसलोय लिहायला.

आमचं गाव भाज्याच्या पलीकडं, विसापूरच्या पायथ्याला. मळवलीला गाडीतून उतरून बांधाबांधानं चालत यावं लागे. घर एकच, पण मध्ये कुडाची भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले. एका भागात आम्ही तिघं, दुसऱ्यात माझे थोरले चुलते आणि त्यांचा परिवार. चुलत्यांना सगळं गाव तात्या म्हणे. अंगण सामाईक होतं आणि त्या अंगणात तात्यांच्या आवाजापेक्षा मोठा आवाज कुणी काढत नसे. घरामागं उकिरडा, आणि उकिरड्याच्या पलीकडं चिंचेखाली ठकूचं खोपट. आमचा दिवस उजाडायचा तो ठकूच्या मुसळानं. आधी एक-दोन सावकाश घाव, मग लय धरली की धप्प, धप्प, धप्प, आणि दर घावाला तिच्या छातीतून निघणारा हुंकार. खालून रेल्वे खंडाळ्याकडं धापा टाकत जायची, तिचा आवाज येऊन विरून जायचा. मुसळ मात्र चालूच असायचं. अजूनही पहाटे जाग आली की मी क्षणभर कान देऊन पडतो. इथं फ्लॅटमध्ये ऐकू येतो तो शेजाऱ्याच्या पाण्याच्या पंपाचा आवाज.

ठकू मूळची घाटाखालची, कोकणातली. लोणावळ्याकडं धरणांची कामं निघाली तेव्हा नवऱ्याबरोबर घाट चढून आली होती. नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं, माघारी जावं तर घर नव्हतं. मग ती आमच्या गावात कांडप करून राहिली. लोकांचं भात घ्यायचं, घिरटाच्या जात्यावर भरडून तूस काढायचं, मग उखळात कांडून तांदूळ पांढरा करायचा आणि सुपानं पाखडून ज्याचा त्याला द्यायचा. मजुरी म्हणून कण्या आणि कोंडा तिचा. कण्यांचा ती भात करी, कोंड्यात मूठभर नाचणीचं पीठ मिसळून भाकर थापी. हाडापेरानं मोठी बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. दिवसभर कोंडा उडून तिच्या केसांवर, पापण्यांवर बसलेला असायचा. गावातली लहान पोरं तिला भ्यायची. मला तिची भीती कधी वाटली नाही, कारण मी तिचा होतो.

तिचा म्हणजे कसा, ते आता सांगतो. माझ्या आधी माझ्या आईला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिलं पाचवी पुजायच्या आत गेलं. दुसरं रांगायला लागलं होतं. तिसरी मुलगी, ती चांगली चालती-बोलती झाली होती, तिचं नाव ठेवलं होतं. पण ते नाव काय होतं हे मला आजतागायत ठाऊक नाही, कारण आईनं ते पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही आणि तिच्यासमोर दुसऱ्या कुणाची काढायची हिंमत झाली नाही. बायका म्हणायच्या की सटवाईची नजर येसूच्या ओटीवर आहे. येसू माझ्या आईचं नाव. सटवाई म्हणजे बाळाच्या कपाळी लेख लिहिणारी, आणि बिनसलं तर बाळ उचलून नेणारी. येसूचं म्हणून जे जन्माला येतं ते सटवाई नेते, असा निकाल गावानं देऊन टाकला होता. मग त्यावर उपाय एकच होता. पोर येसूचं असूच नये.

पुढचं सगळं मी ठकूच्या तोंडून ऐकलंय, उखळापाशी बसून, कितीतरी वेळा. आईनं यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नाही. मी जन्मलो त्याच सकाळी सुईणीनं मला फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, सुपात घातलं आणि मागच्या दारानं नेऊन उकिरड्यावर ठेवलं. आदल्या रात्रीचा केर, चुलीतली राख, शेणाच्या पाट्या, आणि त्यावर मी. आई दाराच्या आत उभी होती, पण बाहेर बघायचं नाही असं तिला बजावलं होतं. ठकूला आधीच सांगून ठेवलं होतं. ती यायची तशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "हे कुनाचं पोर पडलंय?" सुईण म्हणाली, "कुनाचं न्हाई. टाकून दिलंय." ठकूनं सूप उचललं आणि खोपटात नेलं. तिसऱ्या प्रहरापर्यंत मी तिच्या उखळाशेजारी पोत्यावर पडून होतो. "लय रडलास तू," ती सांगायची, "मला दूद न्हाई, म्या काय करू? बोट दिलं चोखाया." मग ती मला घेऊन आमच्या मागच्या दाराशी आली. आईनं पदर पसरला. ठकूनं त्यात ओंजळभर कोंडा घातला आणि म्हणाली, "हे मोल. पोर माजं झालं." आई म्हणाली, "झालं." ठकू म्हणाली, "मला कांडपातनं सवड न्हाई. माजं पोर तू सांबाळ." आणि मला तिच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी आईनं त्या कोंड्याची भाकर केली आणि बाळंतीण असून चुलीपाशी एकटीनं बसून खाल्ली, कण न ठेवता. परत करायला काही उरता कामा नये, म्हणून. पाचवीच्या पूजेला सटवाई आली असेल तर तिला त्या घरात येसूचं बाळ सापडलं नसेल. सापडला असेल तो ठकूचा कोंडू. तेच माझं नाव. पुढं शाळेत मास्तरांनी त्याला 'जी' लावला.

एकदा असं केलं की ते जन्मभर पाळावं लागतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मी आईला 'आई' म्हणायचं नाही. तात्यांची मुलं तिला काकी म्हणायची, गावातली बाकीची वहिनी म्हणायची. मी वहिनी म्हणू लागलो. ठकूला मात्र 'आई' म्हणायचं. तीही मला बाळ, राजा, सोन्या असलं काही म्हणत नसे. कोंड्या म्हणून हाक मारी. वहिनी मला कुणासमोर जवळ घेत नसे. भैरोबाच्या जत्रेत कुणी पाहुण्या बाईनं माझ्या गालाला हात लावून "पोर गोड हाय गं तुजं" म्हटलं की वहिनी चटकन म्हणायची, "माजं कुटलं? ठकूचं हाय. हितं जेवाय येतं." मी लहान होतो तेव्हा मला हे खरंच वाटायचं. मी वहिनीकडं जेवायला, झोपायला येणारा मुलगा आहे, आणि ती मला इतकं साईचं दही का वाढते याचं मला नवल वाटायचं. दर वर्षी माझ्या जन्मतिथीला वहिनी ठकूला चोळीचा खण द्यायची, आणि ठकू तो डोळ्यांना लावून म्हणायची, "पोर सांबाळलंस, बरं केलंस."

आज मी यातल्या कशावर विश्वास ठेवतो का? नाही ठेवत. पण त्या घरात सटवाई होती, हे मी शपथेवर सांगेन. ती शेजारच्या तिखट कानाच्या बाईसारखी होती. तिला ऐकू जाईल म्हणून बोलणं गिळायचं, एवढं मला पाठ्यपुस्तकाच्या आधी शिकवलं गेलं. मी सातवी-आठवीत असेन. शाळेत पोरं मला 'कोंडा घाला म्हशीला' म्हणून चिडवायची. एक दिवस रडत निघून आलो तो सरळ खोपटात. ठकूनं ऐकून घेतलं, मुसळ भिंतीला टेकवलं आणि केसांत कोंडा तसाच ठेवून शाळेची वाट धरली. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "माज्या लेकराला कोन घालतंय म्हशीला? पुडं या." मास्तर स्वतःच उठून उभे राहिले. त्या दिवसानंतर पोरांनी माझं नाव नीट घ्यायला सुरुवात केली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पण वहिनीच्या कानावर हे गेलं आणि तिचं काहीतरी बिनसलं. दोन-तीन दिवस तिनं मला खोपटाकडं फिरकू दिलं नाही. समोर बसवून गरम गरम वाढायची आणि म्हणायची, "आज नगं जाऊ तिकडं." आबा, म्हणजे माझे वडील, हसून म्हणाले, "आगं, तूच दिलंस की तिला." वहिनी फणकाऱ्यानं म्हणाली, "दिलं म्हंजी काय उचलून दिलं व्हय? पोटचं..." आणि तिथंच थांबली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिनं दाराबाहेर बघितलं, छपराकडं बघितलं, आणि माझा हात धरून मला जवळजवळ फरफटत खोपटात नेलं. "ठकू, तुजं पोर घे गं," ती बाहेरूनच ओरडली, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ठकूला काही कळलं नाही. ती म्हणाली, "बस रं कोंड्या, कण्या शिजल्यात."

मला मिसरूड फुटायच्या बेतात होतं त्या वर्षीची गोष्ट. मार्गशीर्ष होता. भातं झोडून झाली होती, घरोघर आंबेमोहोराच्या वासानं ओसऱ्या भरल्या होत्या, आणि कांडपाचे हेच दिवस असल्यामुळं ठकूच्या दाराशी पोत्यांची रांग लागलेली. एका सकाळी वहिनी गोठ्यातून चरवी घेऊन येता येता अंगणात थबकली. म्हणाली, "ठकूचं मुसळ वाजलं न्हाई आज. बघून ये रं." मी गेलो तर ठकू भिंतीकडं तोंड करून पडलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, छातीत घरघर. कार्ल्याहून वैद्य आणले, काढा झाला, छातीला शेक झाला. वहिनी सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन जायची, तिचं अंग पुसायची, लुगडं बदलायची. त्या दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत. इतकी वर्षं एका मुलावर दोघींचं चाललेलं, पण त्यांना एकमेकींशी बोलायला विषय नव्हता, किंवा होता तो बोलायची सोय नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी खोपटात चूल फुंकत होतो आणि वहिनी पेज भरवत होती. ठकूनं तिचा हात बाजूला केला.

"येसू, म्या तुज्याकडं कंदी काय मागितलं न्हाई."

"व्हय," वहिनी म्हणाली.

"आता येकच. माजं मडकं कोंडूच्या हातात दे."

वहिनीनं तिच्या अंगावरची घोंगडी सारखी केली, सारखी होती तरी पुन्हा केली, आणि पेजेचं भांडं तसंच भरलेलं घेऊन निघून गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ठकू माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू कशाला रडतूस? चुलीत फूक घाल, धूर झालाय."

मडकं धरायचं म्हणजे प्रेतापुढं विस्तवाचं मडकं घेऊन चालायचं, अग्नी द्यायचा. ते मुलाचं काम. आणि आमच्याकडं अग्नी देणाऱ्याचं डोकं त्याच दिवशी करायचे. जित्या आई-बापांच्या मुलाच्या डोक्याला तसा वस्तरा लागणं म्हणजे त्या आई-बापांचं मरण बोलावणं, असं लहानथोर सगळे मानत. घरी आल्यावर वहिनी आबांना म्हणाली, "न्हाई जमायचं." आबा म्हणाले, "आगं, शेवटचं मागनं हाय तिचं." ती म्हणाली, "तुमी जिते हाय. तुमच्या देखत त्याचं डोकं भादरायचं? इतकी वर्सं समदं नीट चाललंय. येका काडीला हात लावनार न्हाई मी." मी म्हणालो, "मी धरणार मडकं." ती म्हणाली, "तू गप." मी तिच्यावर इतका चिडलो होतो की रात्री जेवलो नाही. तीन मुलं गेल्याची भीती तिच्या मनात होती हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या वयात दुसऱ्याची भीती कळली तरी तिची दया येत नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला ठकू गेली. खोपटाला अंगण नव्हतं म्हणून माणसं आमच्याच अंगणात जमली. बांबू आले, तिरडी बांधून झाली, तिला आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून त्यावर ठेवलं. पापण्यांवरचा कोंडा धुऊन गेला होता. मला ती त्यामुळं ओळखू येईना. न्हावी येऊन एका कडेला धोकटी घेऊन बसला होता. मडकं कोण धरणार हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग तात्यांकडं बघितलं. तात्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "तिला जात ना गोत. गावानं करायचं. कुनीबी धरल. पोराला मदी आनू नका." एक म्हातारा भीत भीत म्हणाला, "पर तात्या, पोर तिचं म्हनत्यात न्हवं?"

तात्या वैतागले. तसे ते वाईट नव्हते; भावाच्या जिवाला जपत होते. पण वैतागलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही. ते भर अंगणात, त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "म्हनायचं म्हनून म्हनत्यात. कोंडू काय ठकूचा हाय व्हय? माज्या भावाचा हाय, ह्या येसूच्या पोटचा. समद्या गावाला ठावं हाय. ते निस्तं सटवीला फसवाय क्येलतं."

गावात सगळ्यांना ठाऊक असलेली, पण माझ्या जन्मापासून एकाही माणसानं, दारूच्या नशेतसुद्धा, तोंडातून न काढलेली गोष्ट तात्या बोलून गेले होते. बोलल्यावर त्यांच्याही ते ध्यानात आलं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. वहिनी दारात उभी होती. ती बाहेर आली. थोरल्या दिरासमोर ती कधी उभी राहिलेली मी बघितली नव्हती, बोलणं तर दूरच. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही.

"तात्या, काय बोलला तुमी?" ती म्हणाली. "पोर ठकूचं हाय. म्या कोंडा घेतला, त्याची भाकर खाल्ली. म्या निस्तं सांबाळलं."

ती तात्यांशी बोलत होती, पण बघत होती घरांच्या छपरांवरून पलीकडं, शिवेकडं, जिथं सटवाईचा शेंदूर लावलेला धोंडा होता. आवाज ती आणखी चढवत होती. मग न्हाव्याकडं वळून म्हणाली, "घे त्याला." न्हावी बिचारा गडबडला. "बाई," तो म्हणाला, "जित्या आई-बापांच्या पोराला वस्तरा कसा लावू म्या?"

वहिनीनं तिरडीकडं हात केला.

"त्याची आय तितं निजलीया. लाव वस्तरा."

आबा इतका वेळ ओट्याच्या खांबाला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "मंग आपुन कोन गं त्याचं?" वहिनी त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "आपुन शेजारी." आबा उठले. कुणाला काही न सांगता खोपटात गेले, ठकूचंच एक काळं मडकं शोधून आणलं, आमच्या चुलीतले निखारे त्यात घातले, आणि शिंक्यात बसवून माझ्या हातात दिलं. त्यांचा हात माझ्या हातावर जरा जास्त वेळ राहिला. मग ते बाकीच्यांच्यात जाऊन उभे राहिले.

ओढ्याच्या काठी दगडावर बसवून न्हाव्यानं माझं डोकं केलं. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं. मी ठकूला अग्नी दिला. जे करायचं होतं ते सगळं केलं आणि काहीही चुकलं नाही. आबा लांबून एकेक गोष्ट हळू आवाजात सांगत होते, जशी शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या मुलाला सांगावी तशी. सटवाईनं ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी आज इतका म्हातारा होऊन हे लिहितोय आणि आबाही त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, एवढंच सांगता येईल. पुढं वहिनी गेली तेव्हा तिनं आधीच बजावून ठेवल्याप्रमाणं मडकं तात्यांच्या थोरल्यानं धरलं. मी इतरांच्यात चाललो. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

त्या दिवशी ओढ्यावरून परतल्यावर मी आमच्या घरी गेलो नाही. सुतक मला होतं, आमच्या घराला नव्हतं. दहा दिवस मला ठकूच्या खोपटात राहायचं होतं. दाराशी लोकांच्या भाताची पोती तशीच होती, उखळात भाताचा अर्धवट कांडलेला घाणा होता. मी पोत्याला टेकून बसलो. माणसं दोघं-तिघं येऊन बाहेर बसली. दिवस कलायला लागला तशी कडू घासाची वेळ झाली. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. बाहेरच्यांनी, त्या घराचे नसलेल्यांनी, भाकरी घेऊन यायचं आणि घरच्यांना आग्रह करून खायला लावायचं. घास घशाखाली उतरत नाही म्हणून तो कडू.

पहिली आली ती वहिनी. उकिरड्याला वळसा घालून, डोक्यावरून पदर घेऊन, हातात फडक्यात बांधलेली भाकर. उंबऱ्याबाहेर थांबली, दुखवट्याला आलेली बाई थांबते तशी. मग आत येऊन माझ्यासमोर बसली. माझ्या डोक्याकडं तिनं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. तांदळाची भाकर होती आणि हुलग्याचं पिठलं. तिनं घास मोडला आणि म्हणायचं असतं ते म्हणाली, "खा रं पोरा. आय गेल्यावर घास उतरत न्हाई. पर खावा लागतू."

माझ्या आईनं माझी आई गेल्याबद्दल माझं सांत्वन केलं. तिच्या आवाजात जराही फरक पडला नव्हता. दुसऱ्या कुठल्याही घरी जाऊन ती हे असंच म्हणाली असती. ते ऐकून सकाळपासून दाबून ठेवलेलं माझ्यानं आवरेना. मी तिच्या तोंडाकडं बघत "आई" म्हणून रडायला लागलो. पुन्हा पुन्हा, मोठ्यानं, जन्मभराचं म्हणून घ्यावं तसा. आत्ता म्हणायला मला कुणाची चोरी नव्हती. बाहेर बसलेल्यांपैकी कुणी म्हणालं, "रडू द्या त्याला, आय गेली त्याची."

वहिनीनं मला गप म्हटलं नाही. घास धरलेला तिचा हात माझ्या तोंडापाशी थांबला होता. ती पुढं वाकली, आणि मला एकट्यालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "ओ."